पाहिजे: हसतमुख पेशंट

कॅन्सरच्या हॉस्पिटलात 'पॉझिटिव्ह' या शब्दाची जितकी ओढाताण होते, तितकी दुसऱ्या कुठल्या शब्दाची होत नसेल. बायोप्सी पॉझिटिव्ह आली की घरच्यांचे चेहरे उतरतात. स्तनातल्या गाठीचे रिसेप्टर पॉझिटिव्ह निघाले की डॉक्टर जरा खुलतात, कारण गोळ्यांचा एक जास्तीचा रस्ता मोकळा होतो. रक्तपेढीवाला बी पॉझिटिव्हचे दोन दाते आणायला सांगतो. आणि या सगळ्या पळापळीनंतर डे केअरच्या खुर्चीत टेकलेल्या पेशंटला भेटायला आलेला मेव्हणा खांद्यावर थाप मारून म्हणतो, "दाजी, पॉझिटिव्ह राहायचं. बाकी काही नाही." बाकी काही नाही म्हणजे हातात खुपसलेली सुई, स्टँडला टांगलेल्या तीन बाटल्या आणि जुनं तांब्याचं नाणं चघळत असल्यासारखी तोंडाची चव. केमो घेताना माणूस हसतखेळत राहिला तर बरं, यात दुमत नाही. वाद आहे तो या हसण्याची नोंद कुठल्या खात्यात करायची याचा. आपण ती औषधांच्या खात्यात केली, आणि तिथून ती कधी घसरत कर्तव्यांच्या खात्यात गेली ते कुणाला कळलंही नाही. माझं म्हणणं असं, की हसणं करमणुकीच्या खात्यात ठेवावं. तिथे त्याच्याकडे कुणी हिशेब मागत नाही.

हे कर्तव्य कुठून आलं असावं? एक धागा हृषीकेश मुखर्जींच्या 'आनंद'पर्यंत जातो. १९७१ सालच्या त्या चित्रपटाने देशातल्या तमाम कॅन्सर पेशंटांसाठी एक भूमिका लिहून ठेवली: मरणाच्या दारात उभं राहून अख्ख्या गोतावळ्याला हसवणारा, गाणी म्हणणारा, जमल्यास दुसऱ्याचं लग्नही जुळवून देणारा माणूस. राजेश खन्नाने ती इतकी लोभस केली की नंतरच्या पेशंटांची पंचाईत झाली. त्याच्या डोक्यावरचे केस शेवटपर्यंत शाबूत होते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. लोक भेटायला येतात ते 'आनंद'चं तिकीट काढून, आणि खुर्चीत एक टक्कल पडलेला, पेंगुळलेला, मोसंबीचा रस बाजूला सारणारा माणूस पाहून त्यांचा हिरमोड होतो. दुसरा धागा वर्तमानपत्रांचा. मधुमेहाशी कुणी झुंजत नाही, मुतखड्याशी कुणी दोन हात करत नाही. कॅन्सर झाला की मात्र माणूस त्याच दिवशी योद्धा होतो, आणि गेला तर त्याची 'झुंज अपयशी' ठरते. म्हणजे जाता जाता प्रगतिपुस्तकावर नापासाचा शेरा. सुसान सोंटॅगने १९७८ सालीच 'इलनेस ॲज मेटाफर' या पुस्तकात या लढाईच्या भाषेचे वाभाडे काढले होते. आपल्या वृत्तसंपादकांच्या टेबलावर ते पुस्तक अजून पोचायचं आहे. प्रत्यक्षात लढाई असलीच तर ती औषध आणि पेशी यांच्यातली. पेशंट हा तिचा सेनापती नसून मैदान आहे, आणि पानिपतच्या मैदानाला "जिद्द सोडू नकोस" असं कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

मग हसण्याने कॅन्सर हटतो की नाही? हा प्रश्न शास्त्रज्ञांनी अगदी गंभीर चेहऱ्याने हाताळला आहे. १९८९ साली डेव्हिड स्पीगल यांनी 'लॅन्सेट'मध्ये शरीरभर पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ बायकांचा अभ्यास छापला. ज्यांना दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करायची सोय होती, त्या इतरांच्या सरासरीने जवळपास दुप्पट काळ जगल्या. जगभरच्या 'पॉझिटिव्ह राहा'वाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. पुढे कॅनडात २३५ बायकांवर तसाच प्रयोग झाला, त्याचा निकाल २००१ साली आला, आणि आयुष्य वाढल्याचं काही दिसलं नाही. २००७ साली खुद्द स्पीगल यांनी आपलाच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हाही नाही. मधल्या काळात, २००२ साली, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशा अभ्यासांची एकत्र छाननी झाली होती. लढाऊ बाणा असो की हातपाय गाळणं, त्याचा जगण्यामरण्याशी भरवशाचा संबंध तिच्यात सापडला नाही. २००७ सालीच अमेरिकेत डोक्याच्या आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटांची मनःस्थिती आणि पुढचं आयुष्य ताडून पाहिलं गेलं. आनंदी माणसं जास्त जगली असं काही त्यात निघालं नाही. पण कॅनडाच्या त्या अभ्यासातली एक ओळ लोक वाचायचं विसरतात. एकत्र बसणाऱ्या बायकांची, विशेषतः ज्या आधी फार खचल्या होत्या त्यांची, मनःस्थिती सुधारली आणि त्यांना दुखणं कमी जाणवलं. आयुष्य तेवढंच, पण जरा कमी दुखणारं. याला निष्फळ प्रयोग म्हणायचं असेल तर मग भजनीमंडळ, कट्टा आणि पत्त्यांचा अड्डा हेही निष्फळ प्रयोगच आहेत, आणि ते कुणी बंद करत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: "आमच्या सोसायटीतले काका हसत हसत केमोतून बाहेर आले." आले असतील. पण हसत हसत गेलेले काका व्याख्यान द्यायला येत नाहीत. आणि सगळ्यांना शिव्या देत, डबा परत पाठवत, सिस्टरशी भांडत बरे झालेले काका त्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर ठणठणीत असूनही त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्या गोष्टीत सुविचार बसत नाही. शिवाय गाठ लहान झाली म्हणून माणूस हसू लागला की तो हसू लागला म्हणून गाठ लहान झाली, हे चौथऱ्यावर बसून ठरत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण जाणतो. कोंबडं आरवलं म्हणून तांबडं फुटतही नाही, हे मात्र जाणत नाही. दुसरा आक्षेप जास्त कळवळ्याचा असतो. आनंदी राहिल्याने आजार बरा होतो या समजुतीवर माणूस तग धरून असेल, तर त्याचा तो आधार कशाला काढून घ्यायचा? पण त्या आधाराचं व्याज फार चढं आहे. केमोच्या सहा सायकल, म्हणजे फेऱ्या, पुऱ्या झाल्यावर स्कॅनमध्ये काहीतरी पुन्हा दिसलं, तर हा माणूस रात्री छताकडे बघत हिशेब मांडतो, की आपण कुठे कमी हसलो? तिसऱ्या सायकलच्या वेळी मंगळवारी रडलो होतो, त्याचं तर हे नाही? आजार झाला तो झाला, वर त्याचा गुन्हाही आपल्याच नावावर. त्यापेक्षा त्याला सरळ सांगावं, की बाबा, तुझ्या रडण्याने गाठ वाढत नाही, तू खुशाल रड आणि चहा आला की थांब. हे ऐकून हसू येण्याचा संभव जास्त.

खरं तर केमोच्या वॉर्डात क्रम उलटा चालतो. विनोद केल्याने उलटी थांबत नाही. उलटी थांबली की विनोद सुचतो. केमोचं औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना गाठतं. कॅन्सरच्या पेशी झपाट्याने वाढतात, आणि केसांच्या मुळाशी, तोंडाच्या अस्तरात, आतड्यात, हाडांच्या मगजात असलेल्या निरपराध पेशीही तशाच वाढतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. त्यात सिस्प्लॅटिनसारखं औषध उलटीवरच्या उपायाशिवाय दिलं, तर शंभरातल्या नव्वदांहून जास्त लोकांना ओकाऱ्या होतात. अशा माणसाला चार्ली चॅप्लिन दाखवणं हा छळ आहे. १९९१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ओंडान्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधाने जगभरच्या वॉर्डांत जेवढी प्रसन्नता पसरवली, तेवढी कुठल्याही सुविचाराने पसरवली नसेल. फरक एवढाच, की ओंडान्सेट्रॉन फळ्यावर रंगीत खडूने कुणी लिहीत नाही. मनाची म्हणून जी काही गोष्ट या प्रकरणात खरोखर आहे, तीही गमतीशीरपणे उलट बाजूची आहे. काही पेशंटांना तिसऱ्या-चौथ्या सायकलपासून औषध चढण्याआधीच मळमळतं. हॉस्पिटलचा वास आला, फाटक दिसलं, तरी पुरतं. मन शरीरावर राज्य करतं म्हणतात ते असं. फक्त ते कारभार करतं तो फितुराचा.

पण उलटी आटोक्यात आली आणि माणसाला मान वर करून बघण्याइतकी उसंत मिळाली, की वर टांगलेल्या बाटल्यांइतका विनोदी ऐवज शोधून सापडणार नाही. केमोची कुळकथा सुरू होते युद्धातल्या विषारी वायूपासून. मस्टर्ड वायूच्या भावंडातलं एक रसायन १९४२ साली येल विद्यापीठात लसिकापेशींच्या कॅन्सरच्या एका पेशंटला गुपचूप देऊन पाहिलं होतं, आणि १९४३ च्या डिसेंबरात इटलीतल्या बारी बंदरात मस्टर्ड बॉम्ब भरलेलं जहाज हवाई हल्ल्यात बुडालं, तेव्हा त्या वायूने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कशा झडतात हे आणखी उघड झालं. नावातली मोहरी निव्वळ वासामुळे आली. दाणाभरही मोहरी त्यात नाही. तरी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढणाऱ्या आपल्या आज्यांना ऐकून समाधान वाटावं, की शास्त्र फिरून त्यांच्याच डब्यापाशी आलं. सिस्प्लॅटिन सापडलं ते १९६५ साली, बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत असताना. जिवाणूंचं विभाजन रोखलं ते विजेने नव्हे, तर वीज सोडायला वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांमधून सुटलेल्या संयुगाने. ज्या घरात लग्नात दोन तोळ्यांवरून रुसवेफुगवे झाले, त्या घरच्या माणसाच्या शिरेत अखेर प्लॅटिनम जातं, आणि तेही महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून. सगळ्यात कडी म्हणजे सदाफुली. कुंपणाशी, कुणी पाणी घालो न घालो, बारा महिने फुलणारं ते झुडूप. त्याच्यापासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधं निघाली, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टीन आजही वापरतात. त्याचा एक ठळक दुष्परिणाम बद्धकोष्ठ. सदा फुलणाऱ्या झाडाने माणसाचं सगळंच बंद करावं, यावर पेशंट जे बोलतात ते छापण्याजोगं नसतं, पण विनोद म्हणून अव्वल असतं.

आणि वेळ? वेळेचा तर सुकाळ. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर ५०० मिलिलिटरच्या बाटलीत १०,००० थेंब होतात. एका थेंबाला एक नाम घेतलं तर १०८ मण्यांच्या ९२ माळा होऊन वर ६४ थेंब उरतात, आणि मधे पंप टींटीं करून सगळं मोडतो. हा पंप हे वॉर्डातलं सर्वांत तक्रारखोर पात्र. नळी किंचित दुमडली, कोपर वाकलं, हवेचा बुडबुडा शिरला की तो बोंबलतो, आणि तो बोंबलला की दहा खुर्च्यांतले दहाही पेशंट आपापल्या पंपाकडे चमकून बघतात आणि नऊ जण सुटकेचा श्वास टाकून पुन्हा मोबाइलकडे वळतात. चाळीत कुणाच्या दाराची कडी वाजली की प्रत्येक जण आपल्या दाराकडे बघतो, तसंच हे. मग लाल औषधाची वेळ येते. डॉक्सोरुबिसिन म्हणजे रसरशीत रूहअफजाचा रंग, इतका की त्यानंतर लघवीही तशीच होते, आणि हे आधी सांगितलं नसेल तर घाबरगुंडी उडते. शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी ते सिरिंजने सावकाश, नजर ठेवून द्यायचं असतं. त्यामुळे दिवसभर भिंगरीसारखी फिरणारी सिस्टर या एका औषधासाठी स्टूल ओढून पेशंटच्या शेजारी बसते. तिच्या अंगठ्याची पेराएवढी हालचाल, नळीत उतरणारा लाल धागा, आणि तेवढ्या वेळात तिच्या मुलाची दहावी, मामांची बदली, कॅन्टीनच्या उपम्याचा ऱ्हास हे सगळे विषय होऊन जातात. काही औषधांच्या वेळी तोंड येऊ नये म्हणून बर्फाचे खडे चघळायला देतात. लहानपणी ज्या बर्फाच्या गोळ्यासाठी मार खाल्ला, तो आता हॉस्पिटलच खायला लावतं. केमोच्या खुर्चीतली प्रसन्नता असते ती या जातीची: बारीक, तिरकस, शेजारच्या खुर्चीपुरती. तिला टाळ्या वाजवून हसणाऱ्यांचा उपयोग नाही. हास्यक्लबची चळवळ मुंबईत १९९५ साली सुरू झाली आणि बागेत सकाळी सहा वाजता ती शोभते, पण एका हाताला सुई असताना दोन्ही हात वर करून हा हा हा करता येत नाही.

या नाजूक रोपट्यावर सगळ्यात मोठी टोळधाड भेटायला येणाऱ्यांची. त्यांच्या पिशवीत शहाळं, ओठांवर इलाज. गव्हांकुराचा रस घ्या, लक्ष्मणफळ खा, साखर आजपासून बंद, पपईच्या पानांचा रस चालू. बारा वर्षं शिकून आलेला डॉक्टर 'बघू या' म्हणतो. व्हॉट्सॲपवरचा संदेश वाचून आलेला साडू मात्र 'शंभर टक्के' म्हणतो. इथे निसर्गाने पेशंटच्या हाती एक अमोघ शस्त्र दिलेलं आहे. औषधानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी पांढऱ्या पेशी तळाला जातात, त्याला वॉर्डाच्या भाषेत 'काउंट पडले' म्हणतात. त्या दिवसांत गर्दी नको, कापून ठेवलेली फळं नकोत, सर्दीखोकला झालेली माणसं नकोत. हे धोक्याचं खरंच आहे. ताप आला तर मध्यरात्रीही हॉस्पिटल गाठायचं असतं. पण ताप नसेल तर 'काउंट पडलेत' या दोन शब्दांवर नावडत्या बारशापासून सत्यनारायणापर्यंत सगळं टाळता येतं, आणि समोरचा उलट म्हणतो, "अहो, जपा!" निमित्त इतकं भक्कम, सन्माननीय आणि वर खरं असण्याचा योग आयुष्यात क्वचितच येतो.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो हसून उडवण्यासारखा नाही. परळला टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं आहे. त्याच्या आसपासच्या फुटपाथवर बिहारपासून बीडपर्यंतची माणसं फायलींची पिशवी उशाशी घेऊन झोपतात. त्यांना तुमचा बारीक, तिरकस विनोद काय कामाचा? हा प्रश्न रास्त आहे, आणि माझं म्हणणं त्याने मोडत नाही, उलट पक्कं होतं. प्रसन्नता ही ज्याची त्याने मनातून उपसायची वस्तू असती, तर फुटपाथ आणि खोली यांत फरक पडला नसता. फरक पडतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळालेल्या पेशंटच्या घोळक्यातून हशा ऐकू येऊ शकतो, कारण तिथे डोक्यावर छप्पर आहे, संडास जवळ आहे आणि आजची रात्र कुठे काढायची हा घोर नाही. ज्यांच्या नावाने ती उभी आहे त्या गाडगेबाबांचा शिरस्ताच असा होता: दिवसा गाव झाडायचं, कीर्तन रात्री. कीर्तनात ते गावाला खदखदून हसवत, पण खराटा आधी. "पॉझिटिव्ह राहा" म्हणणाऱ्यांनी खराटा कुठेतरी टाकून नुसती चिपळी उचललेली असते. याच न्यायाने, पेशंटचं दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, कुणाशी बोलावंसं वाटत नसेल, तर ते त्याचं हसण्यातलं नापास होणं नव्हे. ते वेगळं दुखणं आहे, त्याला वेगळा डॉक्टर आणि वेगळी औषधं असतात, आणि त्या डॉक्टरकडे जायला कुणी 'खंबीर' असण्याची अट घालू नये. आणि हो, मरणाच्या दारी थट्टा बरी दिसत नाही, असंही काही जण म्हणतात. थट्टा कुणी सुरू करायची याचा मात्र नियम आहे: आधी पेशंटने. त्याने स्वतःच्या टकलाला 'सुका नारळ' म्हटलं तर हसावं. आपण होऊन म्हणू नये.

तेव्हा भेटायला जायचंच असेल, तर खराट्याच्या जातीची कामं अंगावर घ्यावीत. औषधांच्या खिडकीवर रांग लावावी. लांब वायरचा चार्जर न्यावा, कारण प्लग नेहमी चुकीच्या बाजूच्या भिंतीला असतो. पेशंटच्या सोबतीला सकाळपासून बसलेल्या माणसाला जेवायला पिटाळावं. डबा उघडायचा तर वॉर्डाबाहेर; लसणाची फोडणी या दिवसांत पेशंटची वैरीण असते. आणि शेजारी बसल्यावर सुविचाराऐवजी बातमी द्यावी, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून दोन मजल्यांत जे पेटलंय ते साग्रसंगीत सांगावं, कोण कोणाच्या अंगावर धावून गेलं, सेक्रेटरीने राजीनामा कसा खिशातच ठेवला, सगळं. शेवटची बाटली संपत आली की गोष्ट ऐन भांडणावर तोडून उठावं. निकाल सांगू नये. एकवीस दिवसांनी पुन्हा यायचं असतं.